तळ्याकाठचा कॅसिनो

इलाने स्वतःच्या लग्नासाठी हॉल ठरवला आणि त्याचं नाव ऐकताच शुभाने हातातलं लाटणं खाली ठेवलं. तळ्याकाठच्या त्या जुन्या इमारतीला गाव शंभर वर्षं ‘कॅसिनो’च म्हणत आलं होतं.

“कॅन्सल कर.”

“आई, देअर इज नो गॅम्बलिंग! एकदा बघ तरी.”

शुभाला अमेरिकेत, वेस्ट विंडसरमध्ये येऊन तीस वर्षं झाली होती, पण दिवाळीला कुणी पत्ते काढले की ती आजही उठून आत जायची. नागपूरला तिचे वडील रोज संध्याकाळी ‘क्लबात’ जायचे. तिथल्या रमीपायी राहतं घर विकावं लागलं. मुलीला तिने एवढंच सांगितलं होतं, की आजोबा लवकर गेले.

शनिवारी सकाळी दोघी तिथे पोचल्या. दार डोरोथी नावाच्या ऐंशीच्या पुढच्या बाईंनी उघडलं. इमारतीची देखभाल त्याच बघत. आत जुगाराचं एकही मशीन नव्हतं. लाकडी जमीन, बँडसाठी बुटका मंच, तळ्याकडे उघडणाऱ्या खिडक्या.

“कॅसिनोचा इटालियनमध्ये मूळ अर्थ छोटं घर,” डोरोथी सांगू लागल्या. “लोकांनी जमायचं, नाचायचं, गाणं ऐकायचं. जुगार नंतर आला आणि शब्दच घेऊन गेला. गाव नाव बदलायला निघालं तेव्हा ते राहावं म्हणून मी घरोघर सह्या मागत फिरले. माझा नवरा मला इथेच भेटला ना!”

शुभा खिडकीशी जाऊन उभी राहिली. वडिलांचा क्लबही आधी वाचनालयच होता. सहा वर्षांची असताना ती त्यांचं बोट धरून तिथे जायची. ते पेपर वाचायचे, ती कॅरमच्या सोंगट्या रचत बसायची. मग कधीतरी पेपरांचं टेबल हललं आणि पत्त्यांची टेबलं आली. वडील मात्र त्याच वेळेला, तसाच इस्त्रीचा शर्ट घालून जात राहिले. ती आधीची वर्षं ती साफ विसरली होती. की विसरायचं ठरवलं होतं?

राग काही गेला नाही. तरी ती वळून म्हणाली, “हॉल छान आहे. इथेच करू.”

इलाने तिला मिठीच मारली.

गाडी सुरू झाल्यावर शुभा म्हणाली, “थांब जरा. तुझ्या आजोबांबद्दल मी तुला पूर्ण खरं सांगितलेलं नाही.”

इलाने इंजिन बंद केलं. “टेल मी.”

शुभा बोलत राहिली. घर कसं गेलं ते सांगितलं, आपली आई महिनोन् महिने त्यांच्याशी बोलली नाही तेही सांगितलं. आणि सायकलवरून येताना ते शीळ किती सुरेख घालायचे, हे सांगताना पहिल्यांदाच हसली.