हार्मनची शेवटची गोळी

शुक्रवारी सकाळी ओर्लीनानं बंदुकीच्या नळीत गज घातला आणि तो मध्येच अडकला. ओढला तर निघेना, ढकलला तर जाईना. तिनं नळी दोन पायांच्या बेचक्यात धरली, गजाला फडकं गुंडाळलं आणि असा हिसका दिला की बाई ओसरीच्या फळ्यांवर आपटलीच. गज आला. त्याच्या टोकाची काळीकुट्ट चिंधी बघून तिच्या तोंडाचा पट्टा सुटला.

"आन्सेल! हिकडं ये. बघ हे! बंदूक हाय का धुराडं?"

आन्सेल म्हणजे तिचा धाकटा दीर. वर लाकूडतोडीच्या छावणीत वाफेच्या यंत्रावर कामाला. तिच्या नवऱ्याची, हार्मनची, ही बंदूक त्यानंच उसनी नेऊन परत आणली होती. कुंपणाशी लाकडं फोडत होता, तो कुऱ्हाड ठेवून आला आणि खाली मान घालून उभा राहिला.

"वैनी, म्या तेल घातलं व्हतं. चांगलं यंत्राचं तेल."

"तेल घातलं! आन् आधी धुतली कुनी? तुज्या आज्यानं? बार काडल्यावर आधी कडकडीत पानी, मंग तेल. पाळण्यातल्या पोराला म्हाईत असतं ह्ये. काजळीवर तेल वतलंस, त्याचं डांबर झालं. आठ म्हैनं मुरलंय आत!"

आन्सेलनं गज उचलून भिंतीला लावला. त्याचं हे गप्प राहणंच तिला जास्त झोंबत असे.

एरवी तिनं बंदूक खुंटीला टांगून हात झटकले असते. पण मंगळवारी तिचा बर्च नावाचा बैल दगडात पाय अडकून पडला आणि त्याची नडगी मोडली. टेनेसीच्या त्या डोंगरात, लॉरेल ओढ्याच्या काठी, असा बैल कुणी एकट्यानं कापून खात नाही. निशाणबाजी ठेवतात. एकेक गोळी झाडायला माणसं बैलाच्या मालकाला मका देतात. फळीवरच्या फुलीच्या सगळ्यात जवळ गोळी लागलेल्या पहिल्या दोघांना मागचे फरे, म्हणजे मांसासकट अख्खे पाय, पुढच्या दोघांना पुढचे, पाचव्याला कातडं आणि चरबी. ज्याचा बैल त्या घराला एक गोळी फुकट. मात्र ती घरच्याच बंदुकीतून सुटली पाहिजे, उसनी बंदूक चालत नाही. कुणी कधी ठरवलं देव जाणे, पण निशाणबाजीचा निवाडा करणाऱ्या झेब म्हाताऱ्यापुढं ते कुणी मोडत नसे. मक्यानं गायीचं आणि तिचं भागलं असतं. पण खारवलेल्या मांसाचं पिंप उन्हाळ्यापासून रिकामं होतं, आणि डुकरं साथीत गेलेली. एक फरा मिळाला तर हिवाळा निघणार होता, नाही तर नुसती मक्याची कण्हेरी. आणि निशाणबाजी उद्यावर आली होती.

तिनं चूल पेटवली. साबणाचं उकळतं पाणी नळीत ओतलं, ते डांबरावरून घसरून तसंच बाहेर आलं. मग राखेचं पाणी. त्यानं हाताची सालं निघाली, काजळी नाही निघाली. दुपार होत आली. बाहेर थंड भुरभुर पडत होती, ओढ्यावर धुकं बसलं होतं, आणि ओर्लीनाचे खांदे आगीत धरल्यासारखे पेटले होते. अठ्ठावन्न वर्षांची बाई. वसंतात नवरा पुरला, त्यानंतर पेरणी, खुरपणी, मोडणी सगळी एकटीनं केली. आता बैलही गेला. कधी कधी तिला वाटे, कुणीतरी येऊन म्हणावं, बाई, बस जरा. पण म्हणणार कोण?

"टर्पेंटाईन हाय का घरात?" आन्सेलनं दारातून विचारलं. "यंत्राचं तेल त्येनंच सुटतं."

"सकाळपासनं दातखीळ बसली व्हती का तुजी?"

"तू बोलू देतीस व्हय?"

जखमेवर लावायची टर्पेंटाईनची बाटली फळीवर होती. आन्सेलनं नळीच्या बुडाच्या भोकात लाकडाची खुंटी ठोकली, वरून टर्पेंटाईन ओतलं, आणि दोघं मुरायची वाट बघत बसले. घरभर पाइनच्या चिकाचा वास सुटला.

"एक सांग," ओर्लीना म्हणाली. आवाजात आता राग नव्हता, नुसता थकवा होता. "तुज्या थोरल्या भावानं उभ्या जल्मात बंदूक घान ठिवली न्हाई. जेवनाच्या आधी बंदूक धुवायचा. त्येनं भरवशानं तुला दिली, आन् तू अशी आनलीस. टर्की मारायच्या नादात येवडं भान ऱ्हायलं न्हाई?"

आन्सेलनं बाटलीला बूच लावलं.

"वैनी, म्या त्यातनं येक बी गोळी झाडली न्हाई."

"मंग?"

"दादानं झाडली. तू गिरणीवर गेली व्हतीस. ससाना तुज्या कोंबड्यांवर आला, तसा दादा अंथरुनातनं उठून वसरीवर आला आन् बार काडला. मारला बी त्येनं. पर मागनं धुवायला किटली उचलाया गेला, तर उचलंना. दोन्ही हातानं बी न्हाई. पानी समदं भुईवर. मी तवाच आलो." त्यानं चुलीत लाकूड सारलं. "मला म्हनला, बंदूक घिऊन जा, उसनी नेली म्हनून सांग. तिला कळू दिऊ नगं, मला किटली उचलत न्हाई. तिचा धीर जाईल. मला शपत घातली. मंग आट दिवसांत त्यो गेला. माज्यानं तिच्यात गज घालवंना, वैनी. नुसतं तेल घातलं आन् ठिवून दिली."

 आठ महिने ओर्लीना या माणसाला मनातल्या मनात शिव्या घालत होती, आणि त्यानं त्या मुकाट्यानं खाल्ल्या होत्या. पण तिला त्याहून जास्त राग आला तो मेलेल्या नवऱ्याचा. एवढं आयुष्य एका ताटात जेवलो, आणि किटली उचलत नाही एवढं सांगायला लाज वाटली? तिला रडू फुटलं. पदर नव्हता, तर काळ्या हातांनीच तिनं डोळे पुसले आणि तोंड काळं करून घेतलं.

"येडा व्हता," ती म्हणाली. "आन् शेंगदान्यायेवडी बी अक्कल तुज्यात न्हाई, शपत पाळत बसलास."

मग तिनं खुंटी काढली. काळा चिखल घळाघळा बाहेर आला. त्यावर उकळतं पाणी, अळशीचे धागे गुंडाळलेला गज, परत पाणी. तिसऱ्या प्रहरी चिंधी राखाडी निघाली, दिवस कलता कलता पांढरी. नळीत ठिकठिकाणी गंजाचे खड्डे होते, पण नळी साफ होती.

शनिवारी ओढ्याकाठी वीसेक माणसं जमली. आन्सेलनंही मका देऊन एक गोळी झाडली, ती फळीच्या कडेला लागली. लोक हसले. ओर्लीनाची पाळी आली तसा झेब म्हातारा म्हणाला, "बाई, बंदूक घरचीच ना?"

"मालकाची हाय," ती म्हणाली.

हार्मनचं एक सांगणं तिच्या ध्यानात होतं. नुकत्याच धुतलेल्या नळीची पहिली गोळी बोटभर वर जाते. तिनं फुलीच्या बोटभर खाली नेम धरला आणि चाप ओढला. खांद्याला धक्का बसला, धूर पसरला. झेबनं फळीवर दोरी लावून मापलं. ती चौथी आली. पुढचा फरा.

फरा आन्सेलनं खांद्यावर घरी आणला. बर्चचाच फरा तो, तिला त्याच्याकडं धड बघवेना. हिवाळा निघणार होता, एवढं खरं. नळीत ताजी काजळी बसली होती, ती आताच्या आता धुवायला हवी होती. ओर्लीनानं चुलीवर किटली ठेवली. पाणी खळखळलं तशी उचलायला गेली, आणि अर्ध्यावरच तिनं ती परत चुलीवर ठेवली. कालच्या घासण्यानं खांदे भरून आले होते.

आन्सेल बघत होता. तिनं ठरवलं असतं तर दात-ओठ खाऊन उचललीही असती.

"आन्सेल," ती म्हणाली, "मला किटली उचलत न्हाई. तू धू."

आणि ती बाकावर बसली.