अर्धा दिसलेला पोशाख

ड्रम वाजवणाऱ्या माणसावर जीव जडला, की त्याचं अर्धंच अंग वाट्याला येतं. गाणारा पुढे येतो, गिटारवाले कडेला येऊन झुकतात; त्यांच्या बुटांचे बंदसुद्धा पोरींना पाठ असतात. ड्रमच्या मागे बसलेला मात्र कमरेपर्यंतच.

तोमोएच्या वाट्याला शिगुरे असा कमरेपर्यंत आला होता. तेवढ्यावर तिनं सहा वर्षं काढली होती.

हाइयुकी हा काही मोठा बँड नव्हता. जपानातल्या सेंदाई शहरात, एका तळघरातल्या हॉलात शंभरेक पोरी जमायच्या. बँडवाल्यांचे चेहरे पांढरेफटक, ओठ जांभळे, अंगावर राजवाड्यातल्या मयतीला निघाल्यासारखे कपडे. पोस्टरवरही शिगुरे मागे, पुढच्यांच्या खांद्यांनी कापलेला. कार्यक्रमानंतर विकायला ठेवायचे ते छोटे फोटोही छातीपर्यंतचेच. शेवटच्या नमस्कारालाही तो पुढे येत नसे, जागेवरूनच मान लववायचा. लाजतो, असं सगळ्या म्हणायच्या.

त्या पोरींमध्ये रीत अशी, की ज्याच्यावर जीव त्याचा पोशाख आपल्या अंगावर. हुबेहूब. बटण इकडचं तिकडे झालं तरी मागून कुजबुज ऐकू यायची. तोमोए शिगुरेचा कोट फोटोला भिंग लावून बघायची, मग कापड शोधायची, मग शिवायची. काळी मखमल, चंदेरी गोफ, एका खांद्यावर अर्धी झूल, मनगटावर उतरणाऱ्या झालरी. कमरेच्या खाली मात्र तिला कुणी काही दाखवलं नव्हतं. तिथं ती एकटीच होती. वरचं बघून शिवायचं, खालचं मनातून शिवायचं. अशा कोटाला खाली काय शोभेल? चुण्यांवर चुण्या घातलेला मखमली घेर, आत गर्द जांभळं अस्तर, तो चालेल तेव्हा चुणीतून क्षणभर चमकेल आणि मिटेल असं. शिगुरे तर चालतच नव्हता. तरी ती त्याच्यासाठी चालण्याचं कापड शिवत राहिली.

दिवसा ती डोंगरापलीकडच्या यामागाता शहराच्या कडेला जेवणाचे डबे भरायच्या कारखान्यात असायची. पांढरी टोपी, पांढरा मास्क, पांढरा झगा. नखं कापलेली, पापण्यांना रंग नाही. पट्ट्यावरून भात सरकत यायचा, तिनं त्याच्या मधोमध उमेचं खारवलेलं लाल आंबट फळ ठेवायचं. डोळे तेवढे उघडे, बाकी सगळी पांढऱ्यात पुरलेली. पण कान कुणाला झाकता आलेत? कानात ड्रम चालूच. हाइयुकीच्या गाण्यांचे शब्द विचारले तर ती अडखळायची. कुठे थाप पडते, कुठे पडता पडता थांबते, एवढं मात्र झोपेतही सांगायची. इतर पोरी गाणं वरून ऐकत. तोमोए ते जमिनीखालून ऐकायची, मुळांसारखी.

आणि एक गोष्ट होती, ती तिनं कुणालाच सांगितली नव्हती. एका गाण्यात मध्येच सगळ्या पोरी कमरेतून वाकून केस झोडायच्या. वाऱ्यानं शेत आडवं व्हावं तशा ओळीच्या ओळी खाली जायच्या. ड्रमवाल्याच्या चाहतीला न वाकण्याची तेवढी मुभा असते. तोमोए वाकायची नाही. त्या आडव्या शेतात ती एकटी उभी. आणि बरोबर त्याच घटकेला समोरून शिगुरेचा उजवा हात वर जायचा. काठी धरलेला, सरळ, थांबलेला. दर कार्यक्रमात. एकदाही चुकला नाही.

डिसेंबरात बातमी आली. हाइयुकी संपतोय. जानेवारीत शेवटचा कार्यक्रम, तोही दुपारचा, कारण संध्याकाळचा हॉल दुसऱ्या बँडनं आधीच घेतलेला. बाकीचे कुठे ना कुठे वाजवणार होते. शिगुरे संगीतच सोडणार होता.

तेव्हापासून तोमोएचं एकच मागणं. ह्या खेपेला हात वर गेला की त्यानं मानही हलवावी. पाहिलं तुला, हे माझेच कपडे, असं एकदा कळवावं. पुढचे दिवस मग कसेही जावोत.

त्या सकाळी ती मोठी बॅग ओढत दाराशी आली, तेव्हा आई जिन्यावरचं बर्फ फावड्यानं ढकलत होती.

"निघाली वरात," आई म्हणाली. "नवरा कोण आहे, ते तरी कळू दे."

"आई, शेवटचंच आहे हे."

"दर वेळी शेवटचंच असतं. लग्नाचं वय गेलं तुझं कापडाच्या दुकानात. तो शेजारचा सुगाया अजून विचारतो हो, पोरगी बरी आहे ना म्हणून."

"त्याला सांग, बरी नाही."

"ते त्यालाही दिसतंच की," आई म्हणाली, आणि बॅग जड आहे असं पाहून फावडं टाकून ती बस थांब्यापर्यंत धरायला आली.

बस बोगद्यात शिरली तेव्हा बाहेर बर्फच बर्फ होतं. बोगद्यातून निघाली तर सेंदाईच्या बाजूला कोरडं, पिवळं ऊन. स्टेशनच्या स्वच्छतागृहात तिनं कपडे बदलले, चेहरा पांढरा केला, साधे कपडे लॉकरमध्ये कोंबले. रस्त्यानं चालताना घेर गुडघ्याशी सळसळत होता आणि लोक बाजूला होत होते.

हॉलात पुढच्या रांगेचा कारभार अकाने-सानकडे. वयानं पस्तिशीची, गाणाऱ्या मिकादोची सगळ्यात जुनी चाहती. कुणी कुठं उभं राहायचं हे तिच्या बोटावर ठरायचं. मिकादोच्या पोरी मध्ये, गिटारवाल्यांच्या दोन कडांना. ड्रमवाल्याच्या माणसाला पुढची जागा देऊन उपयोग नाही. त्याला फट लागते. मिकादो आणि डावा गिटारवाला यांच्यामधून मागचा दिसेल अशी, वीतभर.

"तोमो, ये. तुझी फट मी राखलीय," अकाने-सान म्हणाली. "आज ह्या बयांना बजावलंय, इकडे झुकायचं नाही. झुकलीच कुणी तर घाल ढोपर."

"एवढी कशाला तसदी, अकाने-सान."

"आज तरी गप घे गं. सहा वर्षं फटीतून बघतेयस, तुझे डोळे तिरळे कसे झाले नाहीत हेच नवल." मग तिनं तोमोएला नखशिखांत न्याहाळलं. "पण शिवलंयस हो. खालचं तर काय सुरेख! त्याचंच ना?"

"त्याचंच," तोमोए म्हणाली.

दिवे गेले. सुरुवात झाली. मिकादो रडत गायला, पोरी रडत ओरडल्या. तोमोए रडली नाही, तिला रडायला उसंतच नव्हती. फटीतून तिला खांदे दिसत होते, झूल दिसत होती, घामानं ओघळलेला पांढरा रंग दिसत होता. ते गाणं आलं. शेत आडवं झालं. ती उभी राहिली. तिनं हनुवटी वर केली, हात घेरावर ठेवले.

शिगुरेचा हात वर गेला, थांबला, खाली आला. मान हलली नाही.

नंतरची गाणी तिच्या अंगावरून पाण्यासारखी गेली. मग संपलं सगळं, आणि मिकादो मागे जाऊन ओरडला, "आज तरी पुढे ये की रे!" त्यानं शिगुरेला दंडाला धरून ओढतच पुढे आणलं.

वर काळी मखमल, चंदेरी गोफ, झूल. खाली करड्या रंगाची शाळेत व्यायामाला घालतात तसली हाफ पँट. उघड्या, बारीक, केसाळ पिंढऱ्या. दोन्ही गुडघ्यांवर दुखण्यावरच्या पांढऱ्या पट्ट्या चिकटवलेल्या, आणि मळके कापडी बूट.

हॉलभर माया उसळली. पोरी रडता रडता हसल्या, "किती गोड! अगं, चड्डीच की!" शिगुरे डोकं खाजवत वाकला. तोमोएनं टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवताना झालरी मनगटावरून पंजावर उतरल्या, तेव्हा आवाज मऊ झाला.

बाहेर चार वाजताचं ऊन होतं. उन्हात सगळ्यांचे रंगवलेले चेहरे भिंतीच्या पोपड्यांसारखे दिसत होते. पुढच्या दाराशी मिकादोसाठी गर्दी. मागच्या गल्लीत कुणीच नव्हतं. तिथं शिगुरे एकटा, त्याच हाफ पँटवर जाड जाकीट घालून, ड्रमच्या पेट्या गाडीत चढवत होता. तोमोए भिंतीशी उभी राहिली. त्यानं वळून पाहिलं.

"अरेच्चा! माझा कोट!" तो म्हणाला. आवाज बारीक होता. तो तिनं आजवर ऐकलाच नव्हता. "तुम्ही शिवलात? गोफसुद्धा? माझे तर चिकटवलेले आहेत हो, दर वेळी सुटतात." मग त्याची नजर खाली गेली. "आणि हे कुणाचं?"

"तुमचंच."

"माझं?" तो मोकळेपणानं हसला. "छे, छे. असलं घालून पाय कसे हलणार? माझं खालचं कोण बघतंय म्हणून मी आपला..." तिचा चेहरा पाहून तो थांबला. "पण फारच सुंदर आहे हं. खरंच."

तोमोएनं विचारलं. विचारायचं नव्हतं, पण तोंडून गेलं. "मी नेहमी तिथंच असते. मधल्या फटीत. त्या गाण्यात सगळ्या वाकतात तेव्हा... तुम्ही हात वर करता."

तो आठवू लागला. खरोखर आठवू लागला, तेच वाईट.

"हां, तिथं! तिथं एक ठोका रिकामा आहे ना. तेवढ्यात बाही मागे सरकवतो. ह्या मेल्या झालरी काठीत अडकतात. मिकादोला सांगून थकलो, त्याला ऐकायचंच नसतं." मग जरा वाकून, माफी मागितल्यासारखं म्हणाला, "तिथून समोरचं काही दिसत नाही हो. नुसता उजेड. तुम्ही होतात तर. सहा वर्षं?"

"हो."

"बापरे. दमला असाल." त्यानं शेवटची पेटी उचलली, गुडघ्यात कळ आली तसा चेहरा केला. "मी तर दमलो बुवा. आता गावी जाऊन केस कापणार. सासऱ्यांचा रॉकेलचा धंदा आहे, गाडी चालवायला माणूस पाहिजे त्यांना. काम बसूनच, पण पायांनी वाजवायचं काही नाही, तेच बरं."

सासऱ्यांचा. शब्द आला तसा निघून गेला, त्याच्या लक्षातही आलं नाही. तिनं खाली वाकून नमस्कार केला. "इतकी वर्षं कष्ट घेतलेत," ती म्हणाली. तोही वाकला.

कोपऱ्यावर अकाने-सान डोळे पुसत, दुसऱ्या बँडचं पत्रक हातात धरून उभी होती. "तोमो, पुढच्या महिन्यात हे येताहेत. ह्यांचा ड्रमवाला तुला आवडेल बघ. फट मी बघते."

"बघीन," तोमोए म्हणाली. अकाने-साननं तिच्याकडे नीट पाहिलं आणि पत्रक तिच्या हाती न देता घडी घालून आपल्याच पर्समध्ये ठेवलं.

लॉकरमधून तिनं बॅग काढली, पण कपडे बदलले नाहीत. बसमध्ये तिच्याशेजारी कुणी बसलं नाही. बोगदा ओलांडला, बर्फ आलं.

दिवे लागून गेल्यावर ती घरात शिरली. आई कोतात्सूच्या बुटक्या मेजाखाली, शेगडीच्या उबेत पाय घालून संत्रं सोलत होती. पोरीला त्या कपड्यांत तिनं कधी पाहिलं नव्हतं. हातातली फोड हातातच राहिली.

"हे तू शिवलंस?"

"हो."

आई गुडघ्यांवर रांगत जवळ आली. कोटाकडे तिनं पाहिलंच नाही. घेराचं टोक दोन बोटांत धरलं, उलटलं, अस्तर चोळून पाहिलं. "खरी मखमल की गं. आणि टाके तर बघ. माझ्या आईनंसुद्धा असे घातले नसते." मग नेहमीच्या आवाजात म्हणाली, "हे घालून जायचं तरी कुठं आता? वाया जाणार. कोतात्सूवरची गोधडी पार विरलीय, तिच्यावर घालायला असंच कापड बघत होते मी."

हे तिनं थट्टेनंच म्हटलं होतं. नाही ऐकायची तिची तयारी होती, थोडं भांडायचीही.

"घे," तोमोए म्हणाली.

"अगं, मी आपली बोलले."

"घे म्हणते ना. पण कात्री नको लावूस. मीच उसवते."

घेर उतरवून ती तिथंच बसली आणि चुण्या उसवू लागली. आईनं दुसरं टोक ताणून धरलं. टाके इतके जवळ होते की सुई आत जायला जागा सापडेना. एकेक चुणी सुटली की कापड आणखी रुंद व्हायचं, खोलीभर पसरायचं. स्वयंपाकघरात सूप उतू गेलं, गॅस बंद करून ती परत आली आणि पुन्हा टोक धरलं.

मखमल गोधडीवर बेतून पाहिली. पुरली. दोघींनी पाय आत घातले.

"लगेच ऊब धरते बघ," आई म्हणाली. उरलेलं संत्रं तिनं लेकीपुढे सरकवलं. "आणि तो वरचा कोट? काढ आता. तो काय करणार?"

"राहू दे तो."

"कशाला?"

तोमोएनं उजवा हात वर करून मनगटावरच्या झालरी मागे सरकवल्या. मग तिनं संत्र्याची फोड तोंडात घातली.