शेडमध्ये झोपणाऱ्या बाईचे प्रकरण

“मालविकाबाई, जित्या माणसाची केस करू नका,” पंचाक्षरी सर म्हणाले. “नाव बदललं म्हंजी माणूस बदलत न्हाई. लई लहान गाव हाय हे.”

मालविका झेरॉक्सचे कागद जुळवत होती. तिने हसून मान हलवली. “सर, आंबा घेऊ की पेरू घेऊ, हे आणखी किती वर्षं शिकवायचं? पोरं झोपतात हो.”

“झोपू द्या की. झोपल्यानं कुणाचं नुकसान हुतंय?”

सर तिच्याच क्लासमध्ये हिशेबशास्त्र शिकवत, पंचवीस वर्षं शिकवत आलेले. त्यांचं बोलणं तिने कागदांबरोबरच टेबलावर ठेवून दिलं आणि वर्गात गेली.

सारं लातूर तेव्हा डॉक्टर-इंजिनिअर घडवायला निघालं होतं. गल्लोगल्ली क्लासच्या पाट्या, प्रत्येक पाटीवर पोरांचे पासपोर्ट फोटो. त्या गर्दीत कॉमर्सवाल्यांचा हा एक क्लास, आणि त्यातला अर्थशास्त्राचा तास म्हणजे जेवणानंतरची डुलकी. मालविकाने त्यावर तोड काढली होती. दिवाळीच्या सुट्टीत प्रत्येकाने एक पान लिहून आणायचं: आमच्या घरातला एक निर्णय. त्यांतलं चांगलं पान निवडून, नावगाव बदलून, ती त्याचं प्रकरण करी. मग वर्गाने वाद घालायचा. बाईने म्हैस का विकली? थोरल्याने दुकान का सोडलं? पोरं भांडायची, बाकांवर हात आपटायची. मालविकाला वाटायचं, आता कुठे शिकवतोय आपण.

सातवं प्रकरण होतं शेडमध्ये झोपणाऱ्या बाईचं. भूकंपानंतर तिला नव्या गावठाणात पक्कं घर मिळालं. दहा वर्षं झाली. घरात दीर, जाऊ, त्यांची लेकरं झोपतात; बाई मात्र अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये. उन्हाळ्यात पत्रा तापतो, पावसाळ्यात अंगात ताप भरतो, तरी आत येत नाही. उशाशी ताटात एक लोटी उपडी, तिच्यावर दुसरी लोटी. जमीन हलली तर वरची पडून वाजावी म्हणून. खाली प्रश्न होता: या बाईची निवड विवेकी की अविवेकी?

“अविवेकी म्हणणाऱ्यांनी हात वर करा,” मालविका म्हणाली.

हातांचं रान उठलं. तेवढ्यात मागून एक पोरगी ओरडली, “मॅडम, ह्या बाईची पोरगी आमच्या खोलीत हाय! ती बी रोज ताटात गिलासावर गिलास मांडून ठिवती!”

वर्ग फुटला. कुणीतरी डब्याचं झाकण बाकावर आपटलं, कुणीतरी “पळा, पळा!” म्हणालं. मालविकाने “शांत, शांत” म्हटलं खरं, पण हसू तिच्याही ओठांवर आलं होतं. वर्ग इतका जिवंत तिने कधी पाहिला नव्हता.

मग तिची नजर दाराजवळच्या बाकावर गेली. ते पान लिहिणारी वर्षाराणी नेहमी तिथेच बसायची. ती हसत नव्हती, रडतही नव्हती. हातांच्या त्या रानात सगळ्यांत शेवटी, हळूच, तिचाही हात वर आला. अविवेकी.

मालविकाचं हसू जिथल्या तिथे गोठलं. तास संपल्यावर ती दाराकडे धावली, पण बाक रिकामा होता.

दुसऱ्या दिवशीही तो रिकामाच. मालविकाने दोनदा हजेरी घेतली. दुपारी आपल्या दोन वर्षांच्या लेकीला, उर्वीला, कडेवर घेऊन ती पोरींच्या वसतिगृहावर गेली. तीन मजली इमारत, जिना एकच, अरुंद. सवयीने तिने पायऱ्या मोजल्या. भूकंप झाला तेव्हा ती नांदेडला कॉलेजात होती. पलंग हलला होता, एवढंच. पण उर्वी झाल्यापासून कुठल्याही घरात शिरलं की बाहेर पडायची वाट ती आधी बघून ठेवी. घरी पंखा जरा डुगडुगला तरी पाळण्याकडे धाव घेई. आणि अशा बाईने दुसऱ्या बाईच्या भीतीवर हात वर करायला लावले होते.

वसतिगृहाचा स्वयंपाक आणि राखण दोन्ही कामं भामाबाईकडे होती. ती कणीक मळत होती.

“गेली की काल सांजच्याला, पिशवी घिऊन. म्या इचारलं, कुटं गं? तर म्हनली, गावाकडं.”

“काही बोलली? रडत होती का?”

“न्हाई बा. तिचं निराळंच हुतं. वर खोलीत झोपत न्हाई म्हनायची, जिन्याखाली झोपू द्या म्हनायची. आता तरनीताठी पोर, कामून झोपू दीन मी उघड्यावर? पर रातच्याला उठून बघावं तर ही आपली पायरीवर बसून राहिली.” भामाबाईने हात पुसले. तिचा आवाज उतरला. “बाई, काय झालं काय? घरी पोचली न्हवं?”

कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून मालविकाने पोरीच्या अर्जावर लिहिलेला, तिच्या गावातल्या किराणा दुकानाचा नंबर फिरवला. वर्षाराणीच्या आईला, जगदेवीला, कुणीतरी हाक मारून आणलं. पलीकडून धाप लागलेला आवाज आला, “वर्षा? न्हाई आली की. ती तर लातुरातच हाय. तुमी कोन बोलून राहिलाव? काय झालं माज्या पोरीला?”

मालविकाच्या मनात नको ते येऊन गेलं. या शहरात पोरापोरींनी जीव दिल्याच्या बातम्या दबक्या आवाजात फिरत, आणि चार दिवसांनी त्यांवर नव्या पाट्या लागत.

“मी येते,” एवढंच ती म्हणाली. काय झालं, हे तिला फोनवर सांगता येईना.

औशाच्या एसटीत उर्वी मांडीवर झोपून गेली. खिडकीतून दिसणाऱ्या प्रत्येक पिशवीवाल्या पोरीकडे मालविका मान वळवून बघत राहिली. पुढे जीप मिळाली. नवं गावठाण म्हणजे रांगेने एकसारखी घरं, प्रत्येकावर नंबर. नंबर विचारायची गरज पडली नाही. एकाच अंगणात पत्र्याचं शेड होतं, आणि शेडच्या दारात एक किडकिडीत बाई उभी होती. मालविकाकडे न बघता ती तिच्या मागे बघत होती, आणखी कुणी उतरतंय का म्हणून.

मालविकाने सगळं सांगितलं. पान, प्रश्न, हात, हसणं. स्वतःचं हसणंही सांगितलं. शेवटचा हात कुणाचा होता, तेवढं मात्र तिच्या तोंडून निघेना.

जगदेवी म्हणाली, “पोरं हसली व्हय? हसू द्या. त्यांनी कुटं बघितलंय.” मग शेडकडे हात करून ती म्हणाली, “बाई, मला मरनाचं भ्या वाटतं म्हनून न्हाई मी हितं झोपत. इसर्जनाच्या पहाटं आमी समदे आतच हुतो. मालक, थोरला ल्योक, समदे. वर्षा माज्या कुशीत. आतून मी थोरल्याचा आवाज ऐकत राहिले, लई येळ. पर भायेर दगड उचलाया माणूसच न्हवतं. गल्लीच्या गल्ली आत. तवाच मनाशी ठरीवलं, घरातलं एक तरी माणूस भायेर पायजे. आतल्यास्नी काढाया.”

मालविकाने उर्वीला घट्ट धरलं. हे कारण तिने आधीच वाचलेलं होतं. वर्षाराणीच्या पानाच्या शेवटी, तिच्या गोल अक्षरात, चार ओळी होत्या: म्हणून आई बाहेर झोपते, आणि हॉस्टेलवर माझ्या खोलीतल्या मुलींसाठी मी. प्रकरणात उत्तर ठेवायचं नसतं, पोरांनी ते शोधायचं असतं, असा नियम. मालविकाने त्या चार ओळींवर लाल रेघ मारली होती आणि उरलेलं पान झेरॉक्सला दिलं होतं. पायरीवर बसून जी पोर पहारा देत होती, तिच्यावरच तो वर्ग हसला होता.

तेवढ्यात दुकानातून हाक आली, “जगदेवीबाई, फोन!”

दोघी धावल्या. जगदेवीने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. “वर्षा? कुटं हायस गं माय? चाकूरला? काल रातीला मावशीकडं हुतीस व्हय?... मग स्टँडवर काय करून राहिलीस?... हाव, मी बरी हाय. तुज्या बाई आल्याती हितं.”

मालविकाने रिसीव्हरसाठी हात पुढे केला. जगदेवी ऐकत राहिली, बराच वेळ. मग तिने रिसीव्हर ठेवून दिला.

“तुमच्याशी बोलायचं न्हाई म्हनली.”

“कुठे चालली?”

“नांदेडला. तितं शिकीन म्हनती. कुटं ऱ्हानार, ते सांगंना. दर आदितवारी फोन करीन म्हनली.” जगदेवीने डोळ्यांना पदर लावला नाही. तिने दुकानदाराला विचारलं, नांदेडची गाडी चाकूरला किती वाजता लागते. आणि दर आठवड्याला फोन येईल तेव्हा हाक मारायला सांगून ती घराकडे वळली.

दुसऱ्या दिवशी मालविकाने कापलेल्या चार ओळी वर्गात वाचून दाखवल्या. कुणी हात वर केला नाही. पंचाक्षरी सर दाराबाहेर उभे होते. चारही ओळी ऐकून ते पुढे गेले.

दर आदितवारी फोन यायचा. बरी हाय, जेवले, परीक्षा हाय. चार महिने आला. मग एका आदितवारी आला नाही, नंतरच्याही नाही. ही गोष्ट सांगेपर्यंत तीन आठवडे झाले. जगदेवी आणि मालविका दोघी मिळून नांदेडला जाऊन आल्या, क्लासच्या गल्ल्यांतून दारोदार विचारलं. पोलीस चौकीवर नोंद दिली. अठरा पूर्ण आहेत, स्वतः गेली आहे, येईल, असं ऐकून परतल्या. जगदेवी त्या दिवसभर एकदाच बोलली, “हितं घरं लई उंच हायत, बाई.”

मालविका आता भेटेल त्याला विचारते, म्हणून तुम्हालाही विचारते. नांदेडला तुमचं कुणी असेल, मुलगी, भाची, घरमालकीण, तर त्यांना सांगा. अठरा-एकोणीस वर्षांची पोर, उंचीने बेताची, डाव्या भुवईवर जुनी खूण, लिहिताना अक्षर गोल. रात्री ती खोलीत नसेल, तर जिन्यात बघा. तिला परत चल म्हणू नका, मालविकाचं नावही काढू नका. ती बोलली नाही तरी चालेल. ती आहे, एवढं बघून या.