हिरव्या रांगोळीतले पाच एकर

२०१९ सालच्या मे महिन्यात, सकाळी नऊच्या सुमारास, माझ्या मुलाने, भागवतने, गोरक्षनाथच्या खांद्यात पहार घातली. वाळलेलं तुरीचं खोड मोडावं तसा आवाज आला.

गोरक्षनाथ आमच्या डोंगराचा राखणदार. पंधरा वर्षं ऊस तोडायला गेला. गावाने पाणी अडवायचं मनावर घेतलं तेव्हा कोयता ठेवून त्याने गळ्यात शिट्टी अडकवली. घरटी पायलीभर ज्वारीवर दिवसभर माथ्यावर उभा. गवत विळ्याने कापून न्यावं, जनावर सोडू नये, असा नियम होता. माझीही शेळी एकदा त्याने कोंडली.

"काकी, शेळीला बोर्ड वाचता येत न्हाई. तुमाला येतो ना?" वर हसला.

भांडण मात्र माझ्या हातून सुरू झालं. आदल्या हिवाळ्यात देवळापुढे आम्ही बायकांनी रांगोळीने गावाचा नकाशा काढला. कुठल्या जमिनीत काय करायचं ते त्यावरून ठरणार होतं. माथ्याला आणि गायरानाला हिरव्या रांगोळीने गवत, चढाला चर, सपाटीला ज्वारी-तूर. ऊस कुठेच नाही. शेतीखात्याच्या बाईंनी विचारलं, "पूर्वी पाणी कुठं मुरायचं, आठवतं का कुणाला?"

मला आठवत होतं. लग्न होऊन आले तेव्हा उतारावरच्या गायरानात कमरेएवढं पवना गवत होतं. भर चैत्रात तिथल्या झऱ्यावर शेळ्या पाणी प्यायच्या. मग आमच्या मालकांनी त्यातले पाच एकर मोडून नांगराखाली घेतले. दगड मीच वेचले. तीन पावसाळ्यांत माती ओढ्यात गेली आणि झरा आटला.

मी त्या पाच एकरांवर हिरवी रांगोळी टाकली. बाईंनी ते कागदावर उतरवून घेतलं.

घरी भागवत बोलला. "आये, कांदा हाय तिथं माजा!"

"गायरान हाय ते, बाबा. तुज्या बापानं मोडलं."

"मंग गप बसायचं हुतं. दुसऱ्या कुनी बोट दावलं का सोताच्या रानावर?"

त्याने ताट भिंतीवर आपटलं. त्यानंतर घरात माझ्याशी तो बोललाच नाही. मेपर्यंत त्या रानात गवताआधी पाणी मुरवायचे चर खोदून झाले आणि त्या सकाळी ते बुजवायला तो जेसीबी घेऊन निघाला. मी मागोमाग धावले.

गोरक्षनाथने शिट्टी फुंकली. कुणी येईना, तेव्हा तो चरात उतरून मांडी घालून बसला.

"ऊठ गोरख, न्हाईतर तुज्यासकट बुजवीन."

"बुजव. पर माती नीट चोप, न्हाईतर पावसात वाहून जाईन मी."

जेसीबीवाल्याने मशीन बंद केलं. "दादा, मानूस हाय त्यात," म्हणत तो खाली उतरला आणि चालू लागला. मग भागवतने पहार घेतली. पहिला घाव खांद्यावर, दुसरा कोपरावर. रक्त चराच्या कोऱ्या मातीत झिरपत गेलं. तिसऱ्याला मी गोरक्षनाथवर आडवी पडले. पहार माझ्या कानाशेजारी मातीत रुतली.

जामखेडच्या दवाखान्यात हवालदाराने विचारलं. गोरक्षनाथ म्हणाला, "चरात पडलो."

त्याची बायको रंगुबाई माझा हात धरून कानात म्हणाली, "काकी, तुमी बी तेच सांगा. म्हातारपनी कुनाच्या दारात जाल?"

पोराला सोडलं असतं तर दुसऱ्या दिवशी चर बुजले असते, हे मला ठाऊक होतं. मी हवालदाराला म्हटलं, "माज्या पोरानं मारलं. भागवतनं. लिवा."

भागवतला तीन वर्षांची शिक्षा झाली. जेसीबीवाला पुढे खर्ड्याकडे चर खोदत राहिला. रंगुबाई माझ्या दारावरून जाताना अजून थांबते, चहा घेते. गोरक्षनाथचा उजवा हात लोंबता राहिला. शिट्टीला डावा पुरतो, पण विळा चालत नाही, म्हणून त्याच्या गाईचं गवत मी कापते.

झरा चौथ्या वर्षी पाझरला. भागवत सुटून आला, तो आता ओढ्यापलीकडे वेगळा राहतो. परवा मी भारा घेऊन उतरत होते, तर तो झऱ्यावर वाकून ओंजळीने पाणी पीत होता. मी झाडाआड थांबले. त्याचं पिऊन होईपर्यंत भारा डोक्यावरच राहू दिला.