वैशाखातली साखर

शिरोड्याच्या तुळसाची साखर फक्त वैशाखात वाढायची. पावसात तपासली तर अगदी शहाण्यासारखी वागायची. वैशाखात शाळेच्या पडवीत मोतीबिंदूचं वर्षातून एकदाचं शिबिर भरलं, बोटाला सुई टोचली, की यंत्रावर आकडा चारशेच्या घरात. "एवढ्या साखरेवर ऑपरेशन नको, पुढच्या वर्षी बघू," असं डॉक्टर म्हणायचे. अशी दोन वर्षं गेली. आता नवऱ्यालाही ती आवाजावरूनच ओळखत होती.

नवरा दत्ताराम मात्र देवमाणूस. पहिल्याच वर्षी त्याने गावदेवी माउलीसमोर शपथ घेतली होती, "हिचो डोळो बरो होयसर आंब्याक हात लावूचंय नाय." आपला डोळा बरा होईपर्यंत नवरा आंबा सोडतो म्हटल्यावर तुळसाला गहिवरून आलं होतं. रोजचा कारल्याचा रस ती त्या शपथेच्या जोरावर गिळायची.

यंदाही ती आंबापोळ्या घालूनच शिबिराला निघाली. वैशाखात वाडीतल्या बायकांचे हात सकाळपासून आंब्याच्या रसातच असतात. तिने हात पदराला पुसले आणि नर्सबाईसाठी एक पोळी घेतली, साखरेकडे जरा कानाडोळा व्हावा म्हणून.

नर्स आकांक्षाने पोळी तिथेच खाल्ली. मग स्पिरिटचा बोळा फिरवून तुळसाचं बोट टोचलं. चारशे दहा. रांगेत तिच्या मागे उभ्या असलेल्या आनंदीला तीनशे ऐंशी. तीही पोळ्या घालूनच आलेली.

"यंत्र बिघडलं वाटतं," म्हणत आकांक्षाने स्वतःचंच बोट टोचलं. तीनशे साठ. ती तशीच डॉक्टरांकडे धावली.

डॉक्टरांनी तिची पिवळी, चिकट बोटं पाहिली. म्हणाले, "ही साखर रक्तातली नाही, बोटावरची आहे. नुसत्या स्पिरिटने ती जात नाही. सगळ्यांनी साबणाने हात धुवा."

धुतलेल्या बोटाला एकशे आठ. दोन वर्षांचं कारलं तुळसाच्या घशाशी आलं. तिला रडूच फुटलं.

सावंतवाडीला ऑपरेशन झालं. पट्टी सुटली तेव्हा समोर दत्ताराम उभा होता, नेहमीचा पांढरा शर्ट घालून. शर्टावर गळ्यापासून पोटापर्यंत आंब्याचे डाग होते. ताजे नव्हेत, धुऊन धुऊन मुरलेले. तो शर्ट दोन वर्षं तीच धूत होती. घरभर आंब्याचाच वास, त्यामुळे नाकालाही कधी संशय आला नव्हता.

"दिसता मां गो?" त्याने काळजीने विचारलं.

"सगळा दिसता." डॉक्टरांनी रडायचं नाही, जोरात हसायचं नाही असं बजावलं होतं. तिने दोन्ही आवरलं. "चला घराक. आता दोन वर्सां कारल्याचो रस तुमी पिवचो."