गव्हात पडलेला फ्रीजर

आमच्या कॅन्ससात टोर्नेडोचा सायरन वाजला की पुरुष अंगणात जाऊन ढगाकडे बघत उभे राहतात, आणि बायका त्यांच्या नावाने बोटं मोडत तळघरात उतरतात. आमच्या घरात पुरुष उरला नाही, म्हणून ते काम आई करते. मंगळवारी दुपारी ढगाला सोंड फुटली, ती लोंबत लोंबत खाली यायला लागली, आणि आमच्या मातोश्री अंगणात उभ्या राहून मला सांगतायत, "घाबरू नको ट्विला, ती उत्तरेला चाललीय."

"उत्तरेलाच तर आपण आहोत, आई!" मी तिला दंडाला धरून ओढत खाली नेलं.

कानाला दडे बसले. वर काय काय मोडत होतं ते ऐकवत नव्हतं. गुडघ्यात डोकी घालून आम्ही बसलो. बाहेर आलो तर छप्पर नाही, स्वयंपाकघर नाही. न्हाणीघरातला टॉवेल मात्र दांडीवर जसाच्या तसा. आई इकडेतिकडे बघून पहिलं काय बोलली असेल?

"माझा फ्रीजर कुठाय?"

पेटीसारखा आडवा फ्रीजर, माणूस झोपेल एवढा. हरणाचं मटण, मक्याचे दाणे, काय काय भरलेलं. बाबा गेल्यापासून त्याच्या तळाशी काय आहे ते एका देवालाच ठाऊक.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो सापडला. कुठे, तर कॉरलिसच्या गव्हात! न उलटता सरळ बसलेला, झाकण बंद. कडी मोडल्यावर बाबांनी बांधलेला पट्टासुद्धा सुटला नव्हता. सगळं गाव सोडून नेमका तिच्या शेतात.

कॉरलिस शाळेच्या स्वयंपाकघरात राबते. बाहेरगावची, नवऱ्यापासून वेगळी झालेली. नावं ठेवायला आमच्या गावाला एवढं पुरतं. त्यात आईने भर घातली.

आमच्याकडे कोणी गेलं की चर्चच्या तळघरात जेवण होतं. जो तो आपलं भांडं भरून आणतो, बुडाला चिकटपट्टीवर नाव लिहून. नंतर भांडी घरोघरी परत जातात, आणि परत देताना भांडं रिकामं द्यायचं नाही, ही रीत. बाबांच्या जेवणानंतर आजीचं निळं भांडं मिळेना. त्या दिवशी भांडी कॉरलिसने घासली होती. पुढच्या रविवारी आईने भर सभेत तोंड सोडलं, "ज्या हातांनी घासलं, त्याच हातांनी उचललं. आणखी कुठे जाणार?" आईच्या जिभेला हाड नाही. आणि मी शेजारी उभी राहून मान डोलावली. तेव्हापासून कॉरलिसने त्या स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नव्हतं. रविवारी शेवटच्या बाकावर बसायची आणि जेवणाआधी निघून जायची.

तर त्या सकाळी आई मावशीकडे होती, आणि मटण नासायच्या आत काढावं म्हणून मी आणि कॉरलिसने पट्टा सोडला. पिशव्या काढता काढता तळाशी, मक्याच्या पोत्याखाली, निळं काहीतरी दिसलं. आजीचं भांडं. त्यात पीचचं गोड, अर्धं उरलेलं. त्या दिवशी रडत रडत आईनेच आत कोंबलं असणार. काखेत कळसा नि गावाला वळसा!

कॉरलिस गव्हातच मटकन बसली. "दोन वर्षं, ट्विला. दोन वर्षं मी नुसता चमचा उचलला तरी बायकांच्या माना वळतात."

"अगं, मी..."

"तू सांग त्यांना. मी सांगितलं तर म्हणतील, हिनेच आत्ता आणून घातलं."

"आज सांगते. आईला आजच सांगते. शपथ."

तिने डोळे पुसले. "मग भांडं मी नेते. धुते, आणि उद्या चर्चच्या जेवणात सगळ्यांसमोर तुझ्या आईच्या हातात देते. भरून."

संध्याकाळी आई मावशीच्या सोफ्यावर बसली होती. पायात मावशीच्या ढगळ चपला, अंगात कोणाचा तरी स्वेटर. मी तोंड उघडणार तोच म्हणाली, "घर गेलं गं. पण नाव आहे. अल्विना उनरू कधी खोटं बोलली नाही, एवढं तरी गाव म्हणेल." माझ्याने बोलवेना. म्हटलं, सकाळी सांगू. सकाळी विम्याचा माणूस आला, मग झाडं कापायला लोक आले. खरं सांगू? वेळ भरपूर होता. मीच टाळलं.

दुपारी चर्चच्या तळघरात मदतीला आलेल्यांची पंगत बसली होती. कॉरलिस जिना उतरून आली. इस्त्रीचा एप्रन, ताठ मान, हातात निळं भांडं, बटाट्याच्या सॅलडने काठोकाठ भरलेलं. माझ्याकडे बघून हसली. तिला वाटलं, मी सांगितलंय.

"पाहिलंत?" आई खुर्चीतून उठलीच. "पाहिलंत का सगळ्यांनी? माझ्या आईचं भांडं! माझं घर उडालं तेव्हा हिला आठवलं होय? लाज कशी वाटत नाही गं?"

सगळ्यांचे चमचे थांबले. कॉरलिसने आईकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. आणि मी काय केलं? मी पावाला लोणी लावत राहिले. लावलेल्यावरच पुन्हा लावत राहिले.

तिने भांडं टेबलावर ठेवलं, एप्रन सोडला, घडी करून खुर्चीवर ठेवला आणि निघाली. ती जिन्यापाशी पोचली तेव्हा कुठे माझी दातखीळ सुटली.

"आई, ते आपल्याच फ्रीजरमध्ये होतं. तळाशी. बाबांच्या जेवणानंतर तूच ठेवलं होतंस."

"तुला गं काय माहीत?"

"कालच पाहिलं मी. कॉरलिसने मला सांगायला सांगितलं होतं. मी सांगितलं नाही."

आईचा चेहरा पांढराफटक पडला. आयुष्यात कोणापुढे न वाकलेली बाई त्या ढगळ चपला फटक फटक वाजवत भरल्या पंगतीतून जिन्यापर्यंत गेली. "कॉरलिस, बोलले गावासमोर, तर माफीही गावासमोरच मागते. चुकले मी."

कॉरलिसने तिचा हात धरला. "असू दे, अल्विना. तुम्हाला कुठे ठाऊक होतं?" मग आईच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत म्हणाली, "हिला होतं."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. ती परत आली, एप्रन बांधला आणि वाढायला लागली. माझ्या ताटापाशी आली तेव्हा मलाही वाढलं. इतरांना वाढलं तेवढंच.