उरलेली जाडी

तिने हातोडीचं टोक पत्र्यावर एकदाच टेकवलं आणि वाट पाहिली. बाहेरून उत्तर आलं. टक्.

"अजून तरी पास," ती पुटपुटली. हे आपण टाकीबद्दल म्हणालो की मामाबद्दल, ते तिचं तिलाच कळलं नाही.

टाकी उभी, दुमजली घराएवढी, कारखान्यातली सगळ्यात म्हातारी. दाबाखाली वर्षानुवर्षं राबलेली अशी टाकी आतून तपासायची, भिंत कुठे झिजलीय, जोडाला कुठे चीर गेलीय ते शोधायचं, आणि हिला अजून दाब सोसेल की नाही ते सांगायचं, हे तिचं काम. सोसणार नाही असं सांगायला छाती लागते, आणि सोसेल असं सांगितलं की आपलीच झोप उडते. हातोडीपायी सगळे तिला 'टकटकबाई' म्हणत, तेही तोंडावर. तिला त्याचं काही वाटत नसे.

मामा टाकीच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसे. आत शिरायला खाली एकच गोल भोक होतं, आणि आत माणूस असेपर्यंत तिथे कोणीतरी बसलेलं हवंच, हा नियम. हा तिचा सख्खा मामा, आईचा थोरला भाऊ. वडील गेल्यावर त्यानेच तिला या कामाला लावलं होतं. टाकीत हाक मारली तर ती नुसती घुमते, शब्द कळत नाही, म्हणून त्याने खुणा ठरवून दिल्या होत्या. आतून एक ठोका म्हणजे, आहेस ना? बाहेरून एक म्हणजे, आहे. बाहेरून लागोपाठ दोन आले तर हातातलं टाकून बाहेर यायचं, का ते विचारायचं नाही. हे दोन ठोके द्यायची वेळ त्याच्यावर आजवर आली नव्हती.

"आणि तुलाच मध्ये उठावंसं वाटलं तर?" तिने पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"आधी तुला बाहेर काढीन, मग उठीन. भाचीला आत ठेवून उठणारा मामा दुसरा कुणीतरी असेल."

काल संध्याकाळी तो त्यांच्याकडे जेवायला आला होता. स्वयंपाकघरात तिच्या हातून स्टीलची परात त्याच्या पाठीमागेच पडली. असा दणका झाला की शेजारचं बाळ दचकून रडायला लागलं. मामा मात्र मान न वळवता निवांत कांदा चिरत राहिला.

"अगं, ठार बहिरा झालाय तो," आई तिला बाजूला घेऊन म्हणाली. "तुझे ओठ बघून बोलतो. तुझ्या लक्षातच आलं नाही?"

"मग मी आतून ठोकते ते याला कळतं कसं?"

"ते त्यालाच विचार. पण साहेबांना सांगू नकोस गं. ती खुर्ची गेली तर दादा घरी बसून खंगून जाईल."

आज सकाळी टाकीत शिरण्याआधी तिने त्याच्यासमोर उभं राहून विचारलंच. मामाने उजवा तळवा टाकीच्या पत्र्यावर टेकवून दाखवला.

"कानाचं काय घेऊन बसलीस? हा हात इथे असला की तुझं खोकणंसुद्धा कळतं मला." मग डोळे मिचकावून म्हणाला, "माझीही जाडी मोज एकदा. झिजलोय, मान्य. पण किती उरलोय ते बघशील की नाही?"

तिला हसू आलं नाही. जीव टांगायचा तो एका बहिऱ्या माणसाच्या तळव्यावर? रात्रभर ती तळमळली होती, आणि पहाटे तिने मनाशी ठरवलं होतं. आज प्रत्येक ठोका आधीच्यापेक्षा हलका द्यायचा. एकाचं जरी उत्तर चुकलं तरी साहेबांना सांगून टाकायचं. मग आईने अबोला धरला तरी बेहत्तर.

ती परांचीवर चढत गेली. प्रत्येक पट्ट्यावर गेज टेकवून भिंतीची जाडी मोजायची, हातोडीने ठोकून पत्र्याचा आवाज ऐकायचा, आणि मग थांबून एक हलका ठोका. उत्तर येई. तिने हातोडी ठेवून नुसता दांडा टेकवला. टक्. दांडा ठेवून बोटाचं पेर वाजवलं. टक्. तिचा जीव भांड्यात पडला. म्हातारा आपल्यापेक्षा पक्का निघाला म्हणून तिला हसूही आलं. शेवटी तिने नुसतं नख टेकवलं. ते तर तिचं तिलाही ऐकू आलं नाही.

टक्.

हा ठोका खालून आला नव्हता. तिच्या नखापासून वीतभर अंतरावर, पत्र्याच्या पलीकडून आला होता.

तिच्या मनात पाल चुकचुकली. एवढ्या उंचीवर बाहेरून परांची नव्हती, शिडीही नव्हती. तिने फळ्यांच्या फटीतून खाली पाहिलं. तोंडातून येणाऱ्या उजेडाचा गोल तळाशी पडला होता, आणि त्यात मामाच्या गुडघ्याची सावली होती. तो जागचा हललेला नव्हता. लोखंड आहे, आवाज कुठूनही कुठेही नेतं, तिने स्वतःला समजावलं. ती चार पावलं सरकली आणि तिने पुन्हा नख टेकवलं. उत्तर तिच्या बरोबरीने सरकलं होतं.

आता परीक्षा पुरे, असं म्हणून तिने गेज उचललं. शेवटचा एक जोड राहिला होता. तिने पत्र्याला हातही लावला नाही. लावणार, तेवढ्यात तिच्या चेहऱ्यासमोर ठोके पडले.

टक् टक्.

का ते विचारायचं नाही. ती परांची उतरली, गुडघे खरचटले तरी थांबली नाही, आणि तोंडातून बाहेर आली.

"काय रे मामा, केवढी घाबरले मी!"

मामा खुर्चीत बसला होता. डोळे मिटलेले, मान जराशी कललेली, उजवा तळवा पत्र्यावर. तिने त्याच्या खांद्याला हात लावला आणि तसाच मागे घेतला.

माणसं धावली. दवाखान्यातले डॉक्टर आले, नाडी पाहून त्यांनी मान हलवली. "बाई, बराच वेळ झालाय. अंग गार पडलंय. तुम्ही आत गेलात त्यानंतर थोड्याच वेळात, असं समजा."

"पण ते मला उत्तर देत होते. आत्तापर्यंत."

साहेबांनी टोपी काढली. "ऊन चढलं की लोखंड वाजतं," ते हलकेच म्हणाले. "तुम्हाला मी काय सांगायचं?"

ऊन चढल्यावर लोखंड कसं वाजतं ते तिला पक्कं ठाऊक होतं. ते कुणाच्या विचारण्याची वाट बघत नाही. पण ती वाद घालायला गेली नाही. साहेब चुळबुळत उभे राहिले, मग त्यांनी विचारलंच, "आणि टाकी?"

"एक जोड राहिलाय, तो उद्या बघते. बाकी झिजलीय, पण उरलीय ती जाडी पुरेशी आहे," ती म्हणाली, आणि तिला रडू कोसळलं.

स्ट्रेचर आलं. दोघं मामाला उचलायला वाकले, पण त्याचा तळवा पत्र्यावरून सुटेना. त्यांनी जोर लावायच्या आधी ती पुढे झाली.

"थांबा जरा."

तिने दिवा घेऊन टाकीत डोकावून पाहिलं. आत कोणी नव्हतं. मग ती खुर्चीपुढे गुडघ्यांवर बसली, ओठ दिसतील अशी अगदी त्याच्या समोर.

"मामा, मी बाहेर आलेय," ती म्हणाली. "आता ऊठ."

तिने त्याचा हात धरला, आणि तो अलगद सुटून आला.